आईच्या पित्तनलिकेतला खडा ईआरसीपीत निघाला नाही. आता ऑपरेशन की पुन्हा दुर्बीण?

निळाई

नमस्कार. आठ दिवस धड झोप नाही, लिहिताना विस्कळीतपणा आला तर समजून घ्या.

आई ७१ वर्षांची. मागच्या रविवारी संध्याकाळी तिच्या उजव्या बरगडीखाली दुखायला लागलं. पित्त झालं असेल म्हणून नेहमीची गोळी घेऊन पडून राहिली. रात्री हुडहुडी भरून ताप, सकाळी डोळे पिवळेधमक. हॉस्पिटलमध्ये नेईपर्यंत ती असंबद्ध बोलायला लागली होती. मला तिने दोनदा मावशीच्या नावाने हाक मारली. बिलिरुबिन (काविळीचं रक्तातलं प्रमाण) ८.४, पांढऱ्या पेशी १९,०००. पित्ताशयात खडे, पित्तनलिका १८ मिलिमीटरपर्यंत फुगलेली, तिच्यात १७ मिलिमीटरचा एक खडा आणि त्याच्या वर दोन लहान.

त्याच रात्री ईआरसीपी केली, म्हणजे तोंडातून दुर्बीण घालून पित्तनलिकेपर्यंत जातात ती. पाऊण तासाने डॉक्टर बाहेर आले. खडा मोठा आहे, निघाला नाही, स्टेंट (पित्त वाहतं ठेवणारी बारीक नळी) टाकलाय, ६ ते ८ आठवड्यांनी परत करू, एवढं बोलून ते पुढच्या पेशंटकडे गेले.

ताप दुसऱ्या दिवशीच उतरला, आज बिलिरुबिन ३.१ आहे. पण भाऊ म्हणतो, एकदा फसलं ना, मग पुन्हा तेच कशाला, सरळ ऑपरेशन करून मोकळं होऊ. आई म्हणते मला आता काहीच नको. मला दोघांनाही उत्तर देता येत नाही. असा अनुभव कुणाला आहे का?

कातरवेळ

अनुभव नाही, पण वाचतेय. आईंना लवकर आराम पडो. ताप उतरलाय ही फार चांगली खूण आहे.

पाचवा_मजला

निळाई, मी ईआरसीपीच्या खोलीत सिस्टर म्हणून १६ वर्षं काम करते. डॉक्टर नाही, त्यामुळे औषधपाण्याचं तुमच्या डॉक्टरांनाच विचारा. पण त्या खोलीत काय चालतं ते सांगू शकते.

तुमच्या आईला त्या रात्री खड्याचा धोका नव्हता, अडकलेल्या पित्ताचा होता. नळी तुंबते, मागे साचलेल्या पित्तात जंतू वाढतात, दाब चढला की ते थेट रक्तात उतरतात. ताप, कावीळ आणि बरगडीखालचं दुखणं ही तीन लक्षणं एकत्र आली की आम्ही धावपळ सुरू करतो. त्यात बोलणं असंबद्ध झालं किंवा बीपी पडलं तर सकाळची वाट बघत नाहीत. अशा वेळी नळीत तार सरकते, स्टेंट बसतो आणि आतून घट्ट, गढूळ, कधीकधी चक्क पू असलेलं पित्त पडद्यावर दिसतं. ते वाहायला लागलं की खोलीतल्या सगळ्यांचा श्वास खाली बसतो. खडा तसाच आत असतो, पण पेशंट वाचलेला असतो.

एक विचारते. ईआरसीपीचा रिपोर्ट हातात आहे का? त्यात स्फिंक्टरोटॉमी किंवा कट, म्हणजे नलिकेच्या तोंडाला छेद, घेतला असं लिहिलंय का? आणि खडा ओढायची बास्केट किंवा बलून वापरल्याचा उल्लेख आहे का?

निळाई

रिपोर्ट समोरच आहे. पॅपिला सामान्य, तार आत गेली, पूमिश्रित पित्त आलं, नलिका फुगलेली, मोठा खडा दिसला, नळीचा खालचा भाग निमुळता, ७ फ्रेंच १० सेंटिमीटरचा डबल पिगटेल स्टेंट बसवला. एवढंच. कट, बास्केट, बलून यातला एकही शब्द नाही.

पाचवा_मजला

मग आणखी एक. आई रक्त पातळ करणारी गोळी घेतात का?

निळाई

हो! गेल्या वर्षी अँजिओप्लास्टी झाली, तेव्हापासून क्लोपिडोग्रेल आणि अ‍ॅस्पिरिन. का?

पाचवा_मजला

कारण मला वाटतं तुमच्या आईचा खडा "निघाला नाही" असं झालेलं नाही. तो त्या रात्री काढलाच नाही. बाहेरच्या बाकावर बसून दोन्ही सारखंच ऐकू येतं, पण फरक जमीनअस्मानाचा आहे. डॉक्टरांना एकदा थेट विचारा.

अंतर्वेध

सिस्टरांनी नेमकं बोट ठेवलंय. मी पोटविकारतज्ज्ञ आहे. पेशंटला न तपासता सल्ला देत नाही, पण त्या रात्रीचा निर्णय असा का झाला असेल ते सांगतो.

पित्तनलिका लहान आतड्याच्या सुरुवातीला जिथे उघडते तिथे एक छोटा उंचवटा असतो, पॅपिला. तिच्याभोवती स्नायूची कडी असते. खडा काढायचा तर आधी हे दार रुंद करावं लागतं. विजेच्या तारेने त्या कडीला छेद देणं म्हणजे स्फिंक्टरोटॉमी. १९७४ मध्ये जर्मनीत एर्लांगेनला क्लासेन आणि डेमलिंग यांनी आणि जपानमध्ये क्योटोला कावाई यांनी ती स्वतंत्रपणे केली, आणि तिथून पोट न उघडता नलिकेतले खडे काढणं सुरू झालं.

पण हा छेद म्हणजे जखम. क्लोपिडोग्रेल चालू, अंगात जंतुसंसर्ग, त्यात कावीळ. पित्त आतड्यात पोचत नसलं की व्हिटॅमिन के शोषलं जात नाही आणि रक्त गोठायला आणखी उशीर लागतो. अशा पेशंटमध्ये रात्री कट घेऊन १७ मिलिमीटरच्या खड्याशी झुंजत बसणं चूक ठरलं असतं. कट न घेता बारीक स्टेंट सरकवला, पित्त वाहतं केलं आणि बाहेर पडले. माझ्या मते उत्तम निर्णय. समजावून सांगायला मात्र आणखी ५ मिनिटं द्यायला हवी होती. आमच्याकडून हे वारंवार घडतं आणि त्याची किंमत घरचे लोक रात्ररात्र जागून मोजतात, हे मला मनापासून मान्य आहे.

निळाई

आत्ता फोन करून विचारलं. अगदी हेच! डॉक्टर म्हणाले, "अहो, खड्याला हातच लावला नाही त्या दिवशी. क्लोपिडोग्रेलवर होत्या, बीपी ९० होतं." भावाला वाचून दाखवलं, तो गप्प बसला. मला रडू आलं, सुटल्यासारखं झालं.

पण एक राहिलंच. पुढच्या वेळी तरी निघेल का? डॉक्टर म्हणाले "डिफिकल्ट स्टोन" आहे. म्हणजे नक्की काय?

अंतर्वेध

नलिकेतले बहुतेक खडे कट घेऊन बास्केटने किंवा बलूनने ओढले की येतात. ढोबळमानाने १०० पैकी १० ते १५ जणांचे असे येत नाहीत, त्यांना आम्ही अवघड म्हणतो.

खडा १५ मिलिमीटरहून मोठा असला की तो अवघड, हे तर झालंच. पण निव्वळ आकारावर जाऊ नका. ८ मिलिमीटरचा खडाही छळतो, जर त्याच्या खालची नळी त्याच्यापेक्षा अरुंद असेल. बाटलीत गोटी आहे आणि बाटलीची मान बारीक आहे, तसं. खडे पुष्कळ असले, एकमेकांवर दाबून चौकोनी झाले असले, नळीला खाली तीव्र वळण असलं, खडा यकृतातल्या फांदीत किंवा पित्ताशयाच्या नळीत अडकला असला, पॅपिला आतड्याच्या पिशवीसारख्या खळग्यात दडली असली, तरी काम अवघडच. पित्ताशयाच्या नळीतला खडा बाहेरून मुख्य नलिकेला दाबतो तो मिरिझी सिंड्रोम, ते वेगळंच प्रकरण.

तुमच्या आईच्या रिपोर्टात दोन गोष्टी आहेत: १७ मिलिमीटरचा खडा आणि निमुळता खालचा भाग. दुसरीची मला जास्त काळजी वाटते.

आता उपाय. पहिला म्हणजे छोटा कट घेऊन त्याच जागी मोठा बलून फुगवणं. १२ ते २० मिलिमीटर व्यासाचा बलून पॅपिलेत ठेवतात आणि पातळ केलेल्या डायने (एक्स-रेत दिसणाऱ्या द्रवाने) हळूहळू भरतात. एक्स-रेच्या पडद्यावर बलूनला मधोमध कंबर दिसते, कारण तिथे कडी आवळून धरत असते. ती कंबर नाहीशी झाली की दार उघडलं. पूर्ण लांबीच्या कटापेक्षा यात रक्तस्रावाची भीती कमी आणि खडा फोडण्याची गरजही बऱ्याचदा पडत नाही. ही जोडपद्धत २००३ मध्ये प्रसिद्ध झाली. युरोपच्या एंडोस्कोपी संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांत अवघड खड्यासाठी तीच आधी करावी असं म्हटलंय. अट एकच, बलून नळीपेक्षा मोठा फुगवायचा नाही. कंबर मोडत नसेल तर जोर करायचा नाही, नाहीतर नळी फाटते. म्हणूनच निमुळत्या नळीत हात बांधलेले असतात.

तिथे अडलं तर खडा आतच फोडायचा. ते सिस्टरांनी सांगावं, ती मूठ त्यांच्याच हातात असते.

पाचवा_मजला

हो, ती मूठ मीच फिरवते.

लिथोट्रिप्सीची, म्हणजे खडा फोडायची, बास्केट म्हणजे जाड तारांची टोपली, तिच्या मागे धातूची लवचिक नळी. डॉक्टर टोपली खड्याच्या वर नेतात, मी उघडते, ती मागेपुढे हलवत खडा आत घ्यायचा. मग धातूची नळी टोपलीला भिडवायची आणि मुठीची चक्री फिरवायची. हे काम घाईचं नाही. अर्धा फेरा, थांबायचं, तारांना ताण बसू द्यायचा, पुन्हा पाव फेरा. मऊ खडा असेल तर तारा त्यात रुततात, काही जाणवतही नाही. कडक असेल तर चक्री घट्ट होत जाते, मनगट भरून येतं, आणि मग एकदम हात हलका होतो. फुटला! पडद्यावर पाहायच्या आधी ते हाताला कळतं.

अडचण कुठे येते? खड्याने नळी पूर्ण भरलेली असली की टोपली उघडायला जागाच उरत नाही. आणि कधी खडा टोपलीत येतो पण फुटतही नाही, सुटतही नाही. टोपली आत अडकते. तेव्हा मूठ कापून दुर्बीण बाहेर काढायची आणि त्याच तारेवरून वेगळी धातूची नळी चढवून बाहेरून पिळायचं. माझ्या कामात असं मोजक्या वेळा झालंय, पण त्याची तयारी टेबलावर असल्याशिवाय मी मोठ्या खड्याची केस लावू देत नाही.

झुळूक

खडे विरघळवणारी औषधं असतात ना? माझ्या ओळखीत एकांनी काढा घेऊन खडा गेल्याचं सांगितलं होतं. वयस्कर बाईंना तीनतीनदा दुर्बीण घालण्यापेक्षा ते करून बघायला काय हरकत आहे? वाद घालायचा नाही, काळजीने विचारतेय.

अंतर्वेध

काळजीने विचारलंत, तसंच उत्तर देतो. उर्सोडिऑक्सिकोलिक अ‍ॅसिडने पित्ताशयातले छोटे, कॅल्शियम नसलेले कोलेस्टेरॉलचे खडे काहींमध्ये महिनोन्महिन्यांनी विरघळतात. नलिकेत अडकलेल्या मोठ्या खड्याला ते लागू नाही. नलिकेतच तयार झालेले तपकिरी खडे तर जंतुसंसर्गातून होतात, ते कोलेस्टेरॉलचे नसतातच.

आणि "खडा गेला" असं पुष्कळदा खरंच घडतं, औषधाशिवायही. छोटे खडे आपोआप आतड्यात उतरतात. १७ मिलिमीटरचा उतरत नाही. वाट पाहताना हरकत कसली, तर निळाईंच्या आईच्या त्या रात्रीची. पुन्हा तसं झालं तर दर वेळी हॉस्पिटल वेळेत गाठता येईलच असं नाही.

आडवाट

मला फक्त स्टेंटबद्दल लिहायचंय. निळाई, कृपा करून हे नीट वाचा.

माझ्या वडिलांना असाच प्लास्टिकचा स्टेंट बसवला. दोन दिवसांत कावीळ उतरली, जेवायला-फिरायला लागले, घरात आनंदीआनंद. डिस्चार्ज कार्डावर शेवटच्या ओळीत लिहिलं होतं, ३ महिन्यांनी स्टेंट काढण्यासाठी यावे. ती ओळ औषधांच्या यादीखाली, शिक्क्याने अर्धी झाकलेली. आम्हाला कुणी तोंडी सांगितलं नाही, आम्ही वाचलं नाही, हॉस्पिटलमधून फोन आला नाही. वडिलांना काहीच त्रास नव्हता, मग आठवण तरी कशाने होणार?

१४ महिन्यांनी रात्री २ वाजता थंडी वाजून आली. स्टेंट गाळाने पूर्ण बंद, त्याच्याभोवती नवे खडे साचलेले. ११ दिवस आयसीयूत होते. वाचले, पण नंतर पूर्वीचे राहिले नाहीत.

मी कुणाचं नाव घेत नाही, चूक आमचीही होती. पण स्टेंट हा तात्पुरता असतो हे मोठ्या अक्षरांत कुणीतरी सांगायला हवं होतं. तुम्ही आजच दिनदर्शिकेवर तारीख टाका. दोघा-तिघांच्या फोनमध्येही टाका.

पाचवा_मजला

आडवाट, वाचून गलबलून आलं. तुम्ही म्हणता ते शंभर टक्के खरं. प्लास्टिकचा स्टेंट ३ महिन्यांत, फार तर ६ महिन्यांत, काढायचा किंवा बदलायचा असतो. आमच्याकडे मी वेगळी वही ठेवते: स्टेंट टाकल्याची तारीख, काढायची तारीख, फोन नंबर. कुणी आलं नाही की फोन करते. बऱ्याच जणांना बरं वाटत असतं, म्हणूनच ते येत नाहीत.

निळाई

आडवाट, तुमचे आभार कसे मानू कळत नाही. तारीख तिघांच्या फोनमध्ये टाकली.

टाके_आठ

मी शल्यचिकित्सक. ऑपरेशनचा विषय निघालाय म्हणून लिहितो. निळाईंच्या भावाला वेड्यात काढू नका.

पित्ताशय जागेवर असेल तर लॅपरोस्कोपीने एकाच भुलीत पित्ताशय काढणं आणि नलिका उघडून खडे काढणं हा चांगला, मान्य मार्ग आहे. नलिका रुंद असेल तर काम सोपं जातं. खडा इतका मोठा की दुर्बिणीला दाद देत नाही, मिरिझीची शंका आहे, किंवा आधीच्या शस्त्रक्रियेने आतड्यांचा मार्ग बदललाय, तिथे मी हा पर्याय आधी मांडतो. मात्र करणाऱ्याचा हात त्यावर बसलेला हवा. पित्ताशय काढणारे सगळेच नलिकेत उतरत नाहीत.

पण ७१ वर्षं, वर्षभरापूर्वीची अँजिओप्लास्टी, नुकताच जंतुसंसर्ग. हे सगळं पाहता मीही आधी दुर्बिणीला दोन संधी देईन. ऑपरेशन पळून जात नाही.

उंबरठा

थोडं विषयांतर. माझी लठ्ठपणासाठी जठराची बायपास झाली आहे. मला असा खडा झाला तर?

अंतर्वेध

रू-एन-वाय बायपास असेल तर तोंडातून नेहमीची दुर्बीण पॅपिलेपर्यंत पोचत नाही, वाट लांबची आणि वळणांची होते. मग बलूनवर सरकणारी लांब दुर्बीण, किंवा एंडोस्कोपिक सोनोग्राफीच्या मदतीने बाजूला पडलेल्या जठरात वाट करून जाणं, किंवा लॅपरोस्कोपीच्या मदतीने, किंवा यकृतातून सुई घालून. यातलं काय करायचं ते त्या केंद्राला काय जमतं त्यावर ठरतं. तुमच्या शस्त्रक्रियेचा कागद कायम जवळ ठेवा. पोटात दुखलं तर पहिल्या वाक्यात बायपास झाल्याचं सांगा.

मोरपीस

सगळे ईआरसीपीचं चांगलं सांगताहेत. दुसरी बाजूही यावी म्हणून लिहिते. मला ईआरसीपीनंतर ४ तासांनी पोटात असं दुखलं की ते पाठीत आरपार गेलं. स्वादुपिंडाला सूज. ६ दिवस सलाइनवर. आधी सही घेताना कुणीतरी "थोडी रिस्क असते" म्हणालं होतं, तेवढंच. घाबरवायचं नाही, पण विचारून ठेवा.

अंतर्वेध

विचारायलाच हवं. स्वादुपिंडाची नळी आणि पित्तनलिका एकाच पॅपिलेत उघडतात, त्यामुळे तिला धक्का लागतो. दर १०० जणांत साधारण ३ ते १० जणांना हा त्रास होतो. बहुतेकांचा सौम्य असतो, थोड्यांचा गंभीर. रक्तस्राव, आतड्याला किंवा नळीला छिद्र, जंतुसंसर्ग हे त्याहून कमी, पण होतात. ईआरसीपीच्या सुमारास गुदमार्गे १०० मिलिग्रॅम इंडोमेथासिन किंवा डायक्लोफेनॅकची गोळी ठेवली की स्वादुपिंडाची सूज येण्याचं प्रमाण कमी होतं, हे चांगलं सिद्ध झालेलं आहे. साधी, जुनी, स्वस्त गोळी. अ‍ॅलर्जी किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल तर आधी सांगा. "गोळी ठेवणार आहात ना?" असं विचारण्यात संकोच नको.

निळाई

सात आठवड्यांनी लिहितेय.

हृदयरोगतज्ज्ञांच्या परवानगीने क्लोपिडोग्रेल ७ दिवस बंद ठेवलं, अ‍ॅस्पिरिन चालू ठेवलं. गोळीचं मी विचारलं, डॉक्टर म्हणाले "ठेवतोच."

या वेळी कट घेतला. नळीचा खालचा भाग अरुंद असल्याने बलून १२ मिलिमीटरच्या पुढे नेला नाही. दोन लहान खडे आले. मोठ्याभोवती लिथोट्रिप्सीची बास्केट उघडायला जागा मिळाली नाही, चार वेळा प्रयत्न केला. पुन्हा स्टेंट. या खेपेस डॉक्टर १० मिनिटं बसले, कागदावर चित्र काढून दाखवलं. म्हणाले, जोर लावला असता तर नळी फाटली असती. आता आतून पाहून लेसरने फोडण्याची सोय जिथे आहे तिथे पाठवतो.

खरं सांगू? या वेळी खडा खरोखरच निघाला नाही, तरी मला पहिल्यासारखी भीती वाटली नाही. काय झालं आणि का झालं ते माहीत होतं. आई मात्र वैतागली आहे. पुन्हा भूल, पुन्हा उपाशी. तिला काय सांगू?

अंतर्वेध

तिला सांगा की योग्य ठिकाणी थांबणारा डॉक्टर मिळालाय. आणि स्टेंट नुसता पित्तच वाहत ठेवतो असं नाही. खडा आणि स्टेंट एकमेकांवर घासत राहतात, त्यामुळे मोठे खडे पुढच्या खेपेला अनेकदा लहान झालेले किंवा ठिसूळ झालेले सापडतात.

आता पुढचं. कोलँजिओस्कोपी म्हणजे दुर्बिणीच्या आतून आणखी एक दुर्बीण. जाडी साधारण साडेतीन मिलिमीटर, ती थेट पित्तनलिकेत जाते. तोवरची सगळी कामं डायच्या सावलीवर चालतात. इथे खडा डोळ्यांना दिसतो. मग त्याच्यातून लेसरचा तंतू किंवा विजेच्या ठिणगीने पाण्यात धक्कालहरी उठवणारी तार नेतात. टोक खड्यावर रोखायचं, नळीच्या भिंतीवर नाही. सारखं सलाइन सोडावं लागतं, त्याने आतला दाब वाढतो आणि जंतू रक्तात जाऊ शकतात, म्हणून आधी अँटिबायोटिक देतात. वेळ लागतो, म्हणून भुलीचे डॉक्टर बहुधा श्वासनलिकेत नळी घालून पूर्ण भूल देणं पसंत करतात. सलाइन घशातून फुप्फुसात जाऊ नये, हाही त्यात हेतू. आईंना हे आधीच सांगा, म्हणजे घसा दुखला तर त्या घाबरणार नाहीत.

टाके_आठ

आणि इथेही नाही जमलं तर मी सांगितलेला मार्ग आहेच. पित्ताशय तसंही काढायचं आहे.

निळाई

झालं! काल झालं!

दीड तास लागला. डॉक्टरांनी नंतर मोबाइलवर चित्रफीत दाखवली. गुलाबी, ओलसर बोगदा, त्याच्या टोकाला तपकिरी-पिवळा खडा, एका बाजूने गुळगुळीत खाच पडलेला. "ही खाच तुमच्या स्टेंटने पाडली," डॉक्टर म्हणाले. लेसरचा हिरवा ठिपका त्यावर स्थिर झाला, आणि टकटक टकटक करत आधी धूळ उडाली, सगळं गढूळ झालं, पाण्याने स्वच्छ झालं, पुन्हा धूळ. मग मधोमध चीर गेली आणि खडा दोन भागांत सरकला. मी ती ७ सेकंदं पाच वेळा पाहिली. तुकडे बास्केटने आणि बलूनने काढले, शेवटी बलूनने नळी खालून बंद करून डाय भरली आणि कुठे काही राहिलं नाही ना ते पाहिलं. स्वच्छ.

रात्री आईला थोडा ताप आला होता, आज नाही. घसा दुखतोय. तिने विचारलं, "आता किती राहिलं?" मी सांगितलं, पित्ताशय.

पाचवा_मजला

निळाई, इतका आनंद झाला! या वेळी स्टेंट ठेवलाय का?

निळाई

नाही. तेच सांगायचं राहिलं. डिस्चार्ज कार्ड लिहून झाल्यावर मी कनिष्ठ डॉक्टरांना थांबवलं आणि सगळ्यात वर एक ओळ लिहून घेतली: पित्तनलिकेत आता स्टेंट नाही. आडवाट, ही ओळ तुमच्या वडिलांमुळे आहे.

आडवाट

बाबांना दाखवली. त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचली.

टाके_आठ

पित्ताशयाला उशीर करू नका. नलिका साफ झाल्यावर शक्यतो २ आठवड्यांत काढलेलं बरं, नाहीतर तिथून नवा खडा उतरतो. क्लोपिडोग्रेल कधी सुरू आणि कधी बंद, हे हृदयरोगतज्ज्ञ, सर्जन आणि भुलीचे डॉक्टर या तिघांनी एकत्र ठरवू दे. तुम्ही मधे निरोप नेऊ नका, एकाच कागदावर लिहून घ्या.

अंतर्वेध

आणि पित्ताशय काढल्यावरही नलिकेत पुन्हा खडा होऊ शकतो, विशेषतः नळी इतकी फुगलेली असताना. थंडी वाजून ताप आला किंवा लघवी गडद झाली तर नेहमीची गोळी घेऊन पडून राहायचं नाही. त्याच दिवशी रक्त तपासा.

निळाई

पुढच्या बुधवारी पित्ताशयाची तारीख मिळाली आहे. गोळ्यांचा कागद तिघांच्या सहीने तयार आहे, आईने तो उशीखाली ठेवलाय.